जिन्यावरची साखळी

तिला खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. इस्पितळात, चर्चच्या मंडळीत, शेजारीपाजारी, सगळीकडे ती थांबाताई. कुणा पेशंटच्या लहान नातीने हे नाव ठेवलं म्हणतात. ते चिकटलं ते चिकटलंच.

मोठ्या इस्पितळात वॉर्डात शिरायच्या आधी एक जाळीचं दार लागतं, त्या दारावर ती बसते. बसते म्हणायचं, असते उभीच. भेटीची वेळ सोडून कुणाला आत सोडायचं नाही, आणि भेटीच्या वेळेत एका पेशंटमागे एकच माणूस, एवढं तिचं काम. ऐकायला सोपं. पण जिचा नवरा आत पडलाय ती बाई सोपी नसते, आणि ज्याची आई आत आहे तो मुलगा त्याहून नसतो. एकच थर्मास आळीपाळीने हातात घेऊन सगळं घरदार आत जायला बघतं. कुणी लंगडत येतो, कुणी पांढरा शर्ट घालून ताठ मानेने चालत सुटतो. एक जण नेहमी डॉक्टरांचा मेव्हणा असतो. थांबाताई म्हणायची, "डॉक्टरांना एवढे मेव्हणे, म्हणजे बायका तरी किती असतील बिचाऱ्यांना!"

हसत सांगायची, पण दिवसभर तोंडात एकच शब्द. थांबा. आणि त्यावर लोकांची उत्तरं. "तुझं कुणी आजारी पडेल ना, तेव्हा कळेल," हे तर रोजचं. शिव्या अंगवळणी पडतात, हे एक वाक्य पडत नाही, असं ती मला एकदा म्हणाली होती. घरी आली की उंबऱ्यावर बसून चपला काढायची आणि काढून झाल्या तरी तिथेच बसून राहायची. तिचा नवरा लोकांच्या खोल्या रंगवतो, कोपरापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या भिंतीचा रंग लागलेला. तो आतून ओरडायचा, "अगं, आत यायला पास लागतो का तुला?"

"पाय म्हणतायत थांब," ती म्हणायची.

त्या वर्षी आमच्या मंडळीत पाळकसाहेब नवीन होते. एकट्याच्या गळ्यात तीन मंडळ्या. एका ठिकाणची रविवारची भक्ती संपली की बॅग हातात घेऊनच दाराशी उभे राहायचे, लोकांशी हात मिळवायचे आणि पुढच्या ठिकाणी पळायचे. त्यांनी रविवारमागून रविवार कृपादानांवर, म्हणजे देवाने ज्याला त्याला दिलेल्या देणग्यांवर, संदेश द्यायला घेतले. शरीर एक, अवयव अनेक. डोळ्याने हाताला तुझी गरज नाही म्हणायचं नाही. देवाने रिकाम्या हाताने कुणालाच पाठवलेलं नाही, काहींनी आपलं दान कपाटावर टाकून ठेवलंय, अजून दोरीसुद्धा सोडलेली नाही, असं ते सांगायचे. सांगायचे छान. शेवटी म्हणाले, ही मालिका संपेल त्या रविवारी प्रत्येकाने पुढे यायचं आणि आपलं दान कोणतं आणि त्यातून मंडळीची सेवा कशी करणार, ते सगळ्यांसमोर बोलायचं.

झालं. महिला मंडळात दुसरा विषय नाही. कुणी म्हणाली, माझं शिकवण्याचं. कुणी म्हणाली, माझं पाहुणचाराचं. मंडळीचे चिटणीस, त्यांना तर विचारायचीच गरज नव्हती. मंडळीचं सगळं व्यवस्थापन त्यांच्याकडे, खुर्च्यांच्या रांगेपासून ते कुणाच्या घरी प्रार्थना आहे इथपर्यंत. त्यांनी आपलं दान फार वर्षांपूर्वीच उघडून वापरायला काढलं होतं.

थांबाताईने मात्र हे मनाला लावून घेतलं. भक्तीनंतर पाळकसाहेबांना गाठून म्हणाली, "साहेब, मला एक सांगा. दिवसभर मी माणसांना नाही म्हणते. देवाच्या घरी तरी मला 'या' म्हणता येईल असं काहीतरी द्या."

"मी देणारा कोण?" पाळकसाहेब म्हणाले. "तुम्हाला दिलेलंच आहे, शोधा."

"मग माझं पोस्टात अडकलं असेल."

ते हसले, घड्याळ बघितलं, गेले.

ती शोधायला लागली. आधी क्वायर, म्हणजे भक्तीत गाणारा गट. आमच्या क्वायरचे मास्तर म्हणजे देवमाणूस, पण कानाचे कडक. त्यांनी तिला ओळीने सगळे सूर लावायला सांगितले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ताई, तुमचा आवाज फार प्रामाणिक आहे." आम्ही मान खाली घालून हसलो. तिला शेवटच्या रांगेत आत्याबाईंच्या शेजारी उभं केलं. आत्याबाई क्वायरमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या, काठी टेकत येतात. त्या खालच्या पट्टीतला आवाज गातात, म्हणजे मुख्य चाल बाकीच्यांनी गायची आणि आत्याबाईंनी खालून तिला टेकू द्यायचा. नुसता ऐकला तर तो सूर अर्धवट वाटतो, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. थांबाताईने त्यांची पानं उलटायची, एवढंच. तेही पान उलटायच्या आधी ती पेंगायची.

मग रविवारच्या शाळेत लहान मुलांचा वर्ग दिला. मुलं तिला बघूनच रांगेत उभी राहिली आणि तास संपेपर्यंत हूं की चूं केलं नाही. एकाने घरी जाऊन आईला सांगितलं, नवीन बाई फार चांगल्या आहेत, गोष्ट सांगता सांगता झोपतात.

शेवटी तिला दाराशी उभं केलं, स्वागताला. हे तिला मनापासून हवं होतं. नवी साडी नेसून आली होती. घंटा झाली, भक्ती सुरू झाली, पहिलं गीत चालू असताना एक म्हातारेबुवा उशिरा पोचले, आणि थांबाताईचा हात आपोआप दारात आडवा गेला.

"थांबा. कुणाला भेटायचंय?"

म्हातारेबुवा गडबडले. म्हणाले, "देवाला."

"वेळ संपलीय," ती बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं आपण कुठे उभ्या आहोत.

मागच्या दोन रांगांना हसू आवरेना. तीही हसली. पण त्या दिवसापासून ती दाराशी उभी राहिली नाही. घरी नवऱ्याला म्हणाली, "हात सुद्धा आता माझा राहिलेला नाही, इस्पितळाचा झालाय."

तो म्हणाला, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? झोप तू. झोपणं हेच तुझं दान."

मालिका अजून चालूच होती आणि तेवढ्यात मास्तर आजारी पडले. आजारी म्हणजे शेवटचेच. इस्पितळाने थोडे दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणून सांगितलं. घरी दोघंच, मास्तर आणि मास्तरीणबाई. वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, अरुंद जिना, पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग.

आमच्या मंडळीत एक जुनी पद्धत आहे, प्रार्थनेची साखळी. कुणी असं अंथरुणाला खिळलं की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकामागून एक माणसं जाऊन उशाशी बसतात. मोठ्याने प्रार्थना करायची, एखादं गीत म्हणायचं, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. कडीत कडी. साखळी कधी तुटू द्यायची नाही. आमची साखळी आजवर तुटलेली नाही, हे चिटणीस पाहुण्या मंडळींनासुद्धा अभिमानाने सांगतात. पद्धत वाईट नाही. माझ्या सासूबाईंच्या वेळी तिने मला आधार दिलेला आहे. पण मास्तर म्हणजे सगळ्यांचे मास्तर. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या हाताखाली तोंड उघडलं होतं ते सगळे आले. एकाची पाळी असली तरी बरोबर दोघं-तिघं यायचे.

आणि मास्तरीणबाई अशी बाई की दारातून माणूस चहाशिवाय परत गेला तर तिला घास उतरायचा नाही. दार वाजलं की "या, या", मग आधण, मग कप, मग कप विसळणं, की पुन्हा दार. मधे मास्तरांचं कूस बदलणं, औषध, चादरी. त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि आतल्या प्रार्थनेला तिथूनच आमेन म्हणायच्या. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि चहा सगळ्यांनीच घेतला.

माझी पाळी दुपारची होती. एके दुपारी माझ्यानंतर थांबाताई आली, ड्यूटीवरून थेट, अंगात इस्पितळाचा निळा कोट तसाच. तिला जागा देऊन मी उठणार, तर ती पलंगाशी बसलीच नाही. उभी राहून मास्तरांकडे बघत राहिली. मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलेलं. मग ती आत गेली. मास्तरीणबाई तिच्यासाठी आधण ठेवत होत्या. पातेल्यात पाणी नव्हतं, साखर नव्हती, रिकामं पातेलं गॅसवर तापत होतं आणि त्या शांतपणे त्यात चमचा फिरवत होत्या.

थांबाताईने गॅस बंद केला. "बाई, झोपता कधी तुम्ही?"

"झोपते की. प्रार्थनेला डोळे मिटतो ना, तेव्हा झोपून घेते. आमेनला जाग येते." आणि त्या हसल्या. मग हसणं कुठेतरी अडकलं. "मला तक्रार नाही हो. सगळे प्रेमानेच येतात. पण घरी आणल्यापासून आम्ही दोघं एकटे असे बसलेलोच नाही. त्यांना काहीतरी म्हणायचंय मला. तोंड उघडतात, की दार वाजतं."

थांबाताईने स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल उचललं. पुढच्या खोलीतून जाताना मला म्हणाली, "चला, बाहेर."

"माझ्यानंतर तुझी पाळी आहे ना?" मी म्हटलं.

"हो. पाळीच करतेय."

तिने स्टूल जिन्याच्या वरच्या पायरीशी ठेवलं, मागे दार ओढून घेतलं आणि बसली. मी तिच्या खालच्या पायरीवर. खरं सांगायचं तर काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. इतक्यात खालून पावलं वाजली. पुढच्या कडीचे नवरा-बायको, हातात फळांची पिशवी.

"थांबा," थांबाताई म्हणाली.

"अहो, आमची पाळी आहे."

"हो ना. बसा. पायरीवर बसून करा प्रार्थना. मनातल्या मनात. आत बाई झोपल्यात."

ती दोघं एकमेकांकडे बघत बसली. बसली मात्र. मग त्यांच्या पुढची कडी आली, तीही बसली. अर्ध्या तासात जिना भरला आणि चिटणीस वर आले.

"हे काय? आत कोण आहे?"

"मास्तर आणि त्यांची बायको."

"म्हणजे उशाशी कुणीच नाही? साखळी तुटली?"

"तुटायला काय झालं? ही काय इथे बसलीय सगळी, पायरीपायरीला एक."

"ताई, हे इस्पितळ नाही," चिटणीस म्हणाले. आवाज चढवायचा नाही म्हणून दात आवळून बोलत होते. "आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करायची आपली पद्धत आहे. ती तुम्ही मोडताय. तुम्हाला इथे नेमलं कुणी?"

"कुणी नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला, ते मला खालूनही दिसलं. पण हात दाराच्या कडीवर तसाच.

चिटणीसांनी खाली जाऊन पाळकसाहेबांना फोन केला. ते आले तेव्हा ऊन कलत होतं. हातात बॅग, शर्ट पाठीला चिकटलेला. जिन्यावरच्या सगळ्यांनी अंग चोरून त्यांना वाट दिली. थांबाताई उठून उभी राहिली. पाळकासमोर बसून राहणं तिच्या रक्तात नाही. उभी राहिली, पण दारातून हलली नाही.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "थांबा."

पाळकाला कुणी थांबवल्याचं आमच्या मंडळीत कुणी ऐकलेलं नव्हतं. तिच्या कपाळावर घाम आला होता. हळूच म्हणाली, "आतून बोलण्याचा आवाज येत होता दोघांचा. आता बंद झालाय. झोपले असतील. मला आत ढकलून जायचं असेल तर जा, मी काही करू शकत नाही. पण मी सरकणार नाही."

पाळकसाहेब तिच्याकडे बघत राहिले. मग बंद दाराकडे. मग म्हणाले, "किती वेळ झाला झोपून?"

"थोडाच."

त्यांनी बॅग खाली ठेवली आणि पायरीवर टेकले. "इथेच करतो मग," म्हणाले, आणि डोळे मिटले. आम्हीही मिटले. चिटणीस भिंतीशी उभे राहिले. आणि मग एक बारीक आवाज यायला लागला. मी एक डोळा उघडून पाहिलं. पाळकसाहेबांचं डोकं कठड्याला टेकलं होतं, तोंड थोडं उघडं. घोरत होते.

फळांची पिशवी घेऊन आलेली बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. थांबाताईने तिला बोटाने गप्प केलं. मग स्टूल जरा पुढे सरकवलं, म्हणजे दारही तिच्याकडे आणि पाळकही. खालून कुणी आलं की नुसता हात आडवा करायची. त्या संध्याकाळी तिने दोन झोपा राखल्या. चिटणीस मात्र रागाने निघून गेले.

त्यानंतर रोज ड्यूटी संपली की ती तिथे यायची आणि स्टूल बाहेर काढायची. साखळी जिन्यावर बसायची. आत काय बोलणं झालं ते मास्तरीणबाईंनी पुढे मला सांगितलं. "काही मोठं नव्हतं गं. म्हणाले, माझे पाय गार पडतात, त्यांवर हात ठेव. एवढंच सांगायचं होतं. सगळ्यांसमोर सांगायला लाजत होते."

पण सगळं गोड झालं असं नाही. एका संध्याकाळी आत्याबाई आल्या. काठी टेकत, प्रत्येक पायरीला दम खात. त्यांना मास्तरांना एक गीत ऐकवायचं होतं, मास्तरांनीच बसवलेलं. थांबाताई म्हणाली, "आत्या, आत्ताच डोळा लागलाय दोघांचा. उद्या या." आत्याबाईंनी वाद घातला नाही. ज्या पायऱ्या चढून आल्या त्या उतरून गेल्या. पहाटे मास्तर गेले. मास्तरीणबाईंचा हात त्यांच्या पायांवर होता, म्हणजे त्यांच्या बाजूने पाहिलं तर जे व्हायला हवं ते झालं. पण आत्याबाईंचं राहून गेलं.

पुरायला नेलं त्या दिवशी आत्याबाईंच्या भाचीने थांबाताईला सगळ्यांदेखत सुनावलं. "तुमच्यामुळे शेवटचं भेटणं राहिलं. कोण तुम्ही? पेत्र आहात का, स्वर्गाच्या किल्ल्या घेऊन बसायला?"

नंतर नळाशी हात धुताना थांबाताई मला म्हणाली, "ती खोटं नाही बोलली. वॉर्डात असते तर सोडलं असतं मी आत्याला. क्षणभर, एकटीला. वॉर्डात मला कळतं कुणाला सोडायचं ते. त्या दिवशी पाय इतके दुखत होते ना, की समोर माणूस कोण आहे ते बघितलंच नाही. तोंडातून आपोआप आलं, उद्या या." ओले हात तसेच धरून उभी राहिली. "मला देवाच्या घरी 'या' म्हणायचं होतं. तिथेही मी नाहीच म्हणत बसले. आता पुरे."

आणि ती भक्तीला यायची बंद झाली. ड्यूटी बदलून घेतली, रात्रपाळ्या लावून घेतल्या. नवरा म्हणाला, "काही विचारू नका तिला. माझ्याशी सुद्धा बोलत नाही. उंबऱ्यावर बसते नि बसूनच राहते."

मग मालिका संपायचा तो रविवार आला. एकेक जण पुढे गेलं. शिकवणं, गाणं, आजाऱ्यांना भेटणं, खुर्च्या मांडणं. फळांच्या पिशवीवाली बाई म्हणाली, माझं दान कोणतं ते मला अजून कळलं नाही, पण जिन्यावर बसायला मी कधीही येईन. लोक हसले. पाळकसाहेबही. थांबाताईची जागा रिकामी होती. चिटणीस माझ्या मागच्या रांगेत कुणाला तरी म्हणाले, "काहींना नसतंही दिलेलं." पण बोलण्यात पहिला जोर नव्हता.

आणखी एक जागा रिकामी होती, मास्तरीणबाईंची. मास्तर गेल्यापासून त्या एकदाही चुकल्या नव्हत्या. एकटी बाई, जिवाला काही झालं का, म्हणून भक्ती संपल्यावर आम्ही काही जण त्यांच्या घरी गेलो. पाळकसाहेब, चिटणीस, मी, आणि नको नको म्हणता आत्याबाई. घराला कुलूप. खालच्या शेजारणीने सांगितलं, "सकाळीच बाहेर पडल्या. हातात स्टूल होतं."

"स्टूल?" चिटणीस म्हणाले.

मला कळलं. मी म्हटलं, चला.

थांबाताईचं घर जवळच होतं. नवरा रविवारीही कुणाची भिंत रंगवायला गेलेला. दार लोटलेलं, दाराबाहेर ते लाकडी स्टूल, आणि स्टुलावर मास्तरीणबाई, मांडीवर हात घेऊन ताठ बसलेल्या. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला.

"थांबा."

ज्या बाईने आयुष्यात कुणाला दारातून परत पाठवलं नाही, तिच्या तोंडून तो शब्द ऐकून आम्ही खरंच थांबलो.

"झोपलीय ती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे स्टूल तिला द्यायला आले होते. म्हटलं, माझ्याकडे कशाला, हे तुझंच. तर ही रात्रपाळी करून आलेली, एक चप्पल पायात, एक हातात, इथे उंबऱ्यावर बसल्या बसल्या पेंगत होती. म्हटलं, जा आत, आडवी हो. म्हणाली, कुणीतरी येईल. म्हटलं, येऊ दे. मी आहे."

पाळकसाहेबांनी आवाज खाली आणला. "आज सगळ्यांनी आपापलं दान सांगितलं. तिचंच राहिलं. काय म्हणून सांगू मी लोकांना?"

"मला काय विचारता? त्या जिन्यावर सगळ्यात जास्त तुम्हीच झोपलात."

पाळकसाहेबांचे कान लाल झाले. मग ते हसले, आणि हसता हसता भिंतीला टेकले. मी पहिल्यांदा त्यांना घड्याळ न बघता उभं राहिलेलं पाहिलं.

मास्तरीणबाईंची नजर आत्याबाईंवर गेली. त्या मागे काठीवर भार देऊन उभ्या होत्या. मास्तरीणबाई स्टुलावरून उठल्या, स्टूल बाजूला केलं.

"आत्या, तुम्ही या. तुम्ही एकट्याच."

"तिला उठवायचं नाही मला," आत्याबाई म्हणाल्या.

"उठवू नका. झोपायच्या आधी तुमचंच नाव घेत होती. नुसत्या बसा जवळ."

आत्याबाई आत गेल्या. दार पुन्हा लोटलं गेलं. आम्ही बाहेर, पायऱ्यांवर बसलो. माझी चप्पल पायरीवर वाजली, तर चिटणीस मागून म्हणाले, "हळू." आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी उगाचच कपाळ पुसलं.

थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला. आत्याबाई गुणगुणत होत्या, मास्तरांनी बसवलेलं तेच गीत, पण फक्त आपला खालचा सूर. मुख्य चाल नाही, काही नाही, तो एकटाच अर्धवट सूर, कुणाची वाट बघत असल्यासारखा. बाकीची चाल आम्हाला सगळ्यांना पाठ होती. चिटणीसांनाही होती. पण ती झोपली होती, म्हणून आम्ही तोंडं मिटून बसलो.